घरच्या सागरी टाकीत जिवंत स्पंज: निवडीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत

दुकानातून झाडासारखा फुटवे असलेला लाल किंवा नारिंगी स्पंज आणला, सहा-आठ आठवडे तो उत्तम दिसला, मग एका टोकाला पांढुरका पडला आणि आठवड्याभरात सडला. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांकडून ही तक्रार सारखी येते. दोष पाण्याला दिला जातो, पण बहुतेक वेळा स्पंज उपाशी मेलेला असतो.

स्पंजाला तोंड नाही आणि पोटही नाही. अंगावरच्या बारीक छिद्रांतून तो दिवसरात्र पाणी आत ओढतो, त्यातले जिवाणू, सूक्ष्म शेवाळाच्या पेशी आणि काही प्रमाणात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ घेतो आणि पाणी मोठ्या भोकातून बाहेर सोडतो. या मोठ्या भोकाला ऑस्क्युलम म्हणतात. आपण मात्र स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) आणि यूव्ही (अतिनील दिवा) लावून त्याचं हेच अन्न टाकीतून काढून टाकत असतो. उपासमार सुरू झाली तरी रंग लगेच उतरत नाही, स्पंज हळूहळू आक्रसतो. त्यामुळे ‘दोन महिने टिकला’ हे यश मानू नका.

म्हणून पुढच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. टाकी आणि खाद्याची व्यवस्था आधी, स्पंज सगळ्यात शेवटी.

टप्पा १: कोणता स्पंज घ्यायचा, कोणता नाही

सर्वात सोपे स्पंज विकत घ्यावेच लागत नाहीत. लाइव्ह रॉकसोबत (जीव वसलेल्या समुद्री दगडासोबत) किंवा प्रवाळाच्या तुकड्यावर चिकटून आलेले पांढरे, पिवळे, करडे, नारिंगी पातळ थर सम्पच्या (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीच्या) अंधाऱ्या कप्प्यात आपोआप पसरतात. त्यांनी टाकीतल्या परिस्थितीशी आधीच जुळवून घेतलेलं असतं. पाइपमध्ये आणि पंपाच्या मागे एक-दोन सेंटीमीटरचे, पांढरे, डोक्यावर केसाळ मुकुट असलेले लांबट गोळे दिसले तर तो सायकॉन, म्हणजे अननस स्पंज. तो निरुपद्रवी आहे. कधी अचानक वाढतो, कधी आपोआप कमी होतो. पंपाची जाळी तुंबू लागली तरच खरवडा.

विकत घ्यायचाच असेल तर सहजीवी सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू) असलेले, प्रकाशावर काही प्रमाणात जगणारे प्रकार आधी पाहा: निळा हॅलिक्लोना किंवा थरासारखा पसरणारा कोलोस्पॉन्जिया. त्यांच्या जेवणाचा काही भाग दिव्याकडून येतो, त्यामुळे खाद्यात थोडी कमतरता राहिली तरी निभावतं. टेथियासारखे गोल चेंडू स्पंज मध्यम अवघड. झाडासारखे किंवा बोटांसारखे लाल-नारिंगी स्पंज पूर्णपणे गाळून खाणारे असतात आणि तेच दुकानात सर्वात जास्त दिसतात. पहिला स्पंज म्हणून ते घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन प्रकार टाकीत नकोतच. एक क्लिओना: तो प्रवाळाचा चुनखडी सांगाडा पोखरतो, आणि दगडावर फक्त पिवळे किंवा नारिंगी ठिपके दिसतात. दुसरा कॉन्ड्रिला: तपकिरी-करडा, गुळगुळीत, कलेजीसारखा चकचकीत थर. तो शेजारच्या प्रवाळावर चढून त्याला गुदमरवतो.

सावधान: किनाऱ्यावरून किंवा खडकांतून स्पंज, प्रवाळ अथवा प्रवाळाचे दगड उचलून आणू नका. प्रवाळ आणि कॅल्शियमी सांगाड्याचे स्पंज वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. मालवणच्या सागरी अभयारण्यातच नव्हे, इतर किनाऱ्यांवरही हा कायदा लागू आहे. दुकानातून घेतानाही पक्कं बिल मागा आणि माल कुठून आला ते विचारा.

टप्पा २: टाकी तयार आहे का?

टाकी किमान नऊ महिने, शक्यतो वर्षभर सलग चाललेली हवी. नव्या टाकीत जिवाणू आणि सूक्ष्मजीवांची वस्ती बसलेली नसते आणि शेवाळाची लाट येऊन गेलेली नसते. आकार २०० लिटरच्या पुढे असलेला बरा. स्पंज सडला तर लहान टाकीत अमोनिया काही तासांत चढतो.

स्पंज आणण्याआधी सलग चार आठवडे हे आकडे स्थिर दिसले पाहिजेत:

- क्षारता (खारेपणा) ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६
- तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस
- पीएच ८.१ ते ८.३
- अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४३०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रति लिटर
- अमोनिया आणि नायट्राइट शून्य
- नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर

शेवटच्या ओळीकडे नीट पाहा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणलेली, आरशासारखी स्वच्छ टाकी स्पंजासाठी उपासाची टाकी आहे. ते शून्य दाखवत असतील तर माशांचं खाद्य थोडं वाढवा आणि स्किमरचा वेळ कमी करा. आकडे वर आल्यावरच पुढे जा.

पाण्याबाबत आपल्याकडे हमखास होणाऱ्या चुका तीन. पहिली, स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी मीठ मिसळायला वापरणं. त्या यंत्रांत चवीसाठी खनिजं परत मिसळली जातात, त्यामुळे टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) शून्यावर येत नाही. टाकीला आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या माध्यमातून) गेलेलं, टीडीएस शून्य दाखवणारं पाणी लागतं. दुसरी, समुद्राचं पाणी डबे भरून आणणं. खाडीच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात क्षारता घसरलेली असते, शिवाय पाण्यात गाळ असतो. गाळ म्हणजे स्पंजाची छिद्रं बुजवणारा माल. तिसरी चूक उन्हाळ्याची. एप्रिल-मे मध्ये बंद खोलीतल्या टाकीचं पाणी सहज ३० अंशांच्या वर जातं आणि पंख्याने दोन-तीन अंशच उतरतं. विदर्भ-मराठवाड्यात चिलरशिवाय स्पंज ठेवायचा विचार करू नका.

टाकीत कधीकाळी तांबं असलेलं औषध वापरलं असेल तर तांब्याची चाचणी केल्याशिवाय कोणताही अपृष्ठवंशी प्राणी सोडू नका. तांबं दगडांत आणि सिलिकॉनमध्ये मुरून राहतं.

आता सोबत्यांची यादी तपासा. मोठे एंजलफिश (विशेषतः एम्परर), मूरिश आयडॉल, बॉक्सफिश आणि काही फाइलफिश स्पंज खातात. काही कवड्या आणि समुद्री गोगलगायीही खातात. मोठे शंखखेकडे खात नसले तरी त्यावर चढून फाडतात. यांपैकी कोणी टाकीत असेल तर स्पंज सम्पमध्येच ठेवावा लागेल.

टप्पा ३: खाद्याची सवय टाकीला आधी लावा

या टप्प्याला सहा आठवडे द्या. इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट.

१. फिल्टर सॉक काढून टाका किंवा आठवड्यातून एकच दिवस लावा.

२. यूव्ही बंद ठेवा. तो पाण्यातले जिवाणू आणि शेवाळपेशी मारतो.

३. स्किमर टायमरवर घ्या. खाद्य दिल्यावर दोन तास बंद, नंतर सुरू. स्किमर कायमचा बंद करू नका, कारण तो पाण्यात हवाही मिसळतो.

४. फॉस्फेट काढणारं लोहाचं माध्यम वापरत असाल तर ते थांबवा किंवा अर्ध्यावर आणा. ते सिलिकेटही शोषतं, आणि विक्रीतल्या बहुतेक स्पंजांच्या सुयांसारख्या काट्यांना सिलिका लागते. सिलिकेट वेगळं ओतायची घाई मात्र नको. डायटमची (सिलिकेटवर वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाची) तपकिरी साय आधी काचेवर येईल आणि मग स्पंजावर.

५. जिवंत फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) सुरू करा. नॅनोक्लोरोप्सिसच्या पेशी साधारण दोन मायक्रॉनच्या असतात आणि बहुतेक स्पंजांना चालतात. टेट्रासेल्मिस दहा मायक्रॉनच्या आसपास जातं, ते प्रवाळांना आणि कोपेपॉडना (अगदी बारीक कवचधारी जीवांना) जास्त उपयोगी. सुरुवात दर १०० लिटरला रोज २ मि.लि. दर आठवड्याला १ मि.लि. वाढवत ५ ते ८ मि.लि.पर्यंत न्या.

६. एकदम ओतू नका. स्पंज सतत जेवतो, त्यामुळे डोसिंग पंपाने दिवसातून चार ते सहा वेळा थोडं थोडं देणं चांगलं. पंप नसेल तर सकाळ-संध्याकाळ दोन भाग करा.

बाटली फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नको. रोज हलवा. वास कुजका आला किंवा हिरवा रंग पिवळट-तपकिरी झाला तर फेकून द्या.

तपासणी: सहाव्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण डोस देऊनही नायट्रेट १० च्या आत आणि फॉस्फेट ०.१ च्या आत आहे का? असेल तर टाकी खाद्य पचवते आहे. नसेल तर डोस तिथेच थांबवा, आठवड्याला १० टक्के पाणी बदला आणि आकडे खाली आल्यावरच पुढे जा.

या सहा आठवड्यांत एक फुकटातली चाचणीही सुरू करता येते. सम्पमध्ये मंद प्रवाहाचा, पूर्ण अंधारा एक कप्पा ठेवा आणि त्यात लाइव्ह रॉकचे मूठभर तुकडे टाका. गाळ साचला तर हलक्या प्रवाहाने उडवा, पण दगड बाहेर काढून धुऊ नका. तीन ते सहा महिन्यांत त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके पसरू लागले तर टाकीत स्पंजापुरतं अन्न आहे. ज्यांना धीर आहे त्यांनी या ठिपक्यांची वाट पाहावी आणि मगच खरेदीला जावं.

टप्पा ४: दुकानात काय पाहायचं

स्पंज टाकीत असतानाच पाहा. ‘जरा वर काढून दाखवा’ असं म्हणू नका. हवेत आला की त्याच्या आतल्या नळ्यांत बुडबुडे अडकतात, तेवढ्या भागातून पाणी वाहणं थांबतं, तो भाग मरतो आणि सड तिथून पसरते. काही प्रजाती ओहोटीत उघड्या पडूनही जगतात, पण दुकानातल्या स्पंजाबाबत तो जुगार खेळू नये.

घेण्याजोगा स्पंज असा दिसतो: रंग बुडापासून टोकापर्यंत सारखा, ऑस्क्युलम उघडे, कडा ठसठशीत, बूड दगडाला घट्ट. नाकारायचा स्पंज असा: टोकांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढुरकी साय, अर्धपारदर्शक डाग, काळपट चट्टे, बुडाशी फाटलेले धागे किंवा अंगावर शेवाळाचे केस. दगडाशिवाय नुसता उपटलेला फुटवा स्वस्त मिळतो, पण त्याच्या बुडाची जखम हीच सडीची सुरुवात ठरते.

दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. आल्यापासून किती दिवस झाले, खायला काय देता आणि टाकीत टाकताना तो हवेत आला होता का. दोन आठवड्यांपेक्षा कमी झाले असतील तर आगाऊ देऊन राखून ठेवायला सांगा आणि दोन आठवड्यांनी परत पाहा. प्रवासाचा धक्का याच काळात दिसू लागतो.

पिशवी पाण्याखाली धरून त्यातच स्पंज सरकवायला सांगा आणि पिशवीचं तोंडही पाण्याखालीच बंद करून घ्या. आत हवेचा फुगा नको, म्हणून पाणी भरपूर हवं. थर्मोकोलच्या डब्यात ठेवून थेट घरी या, प्रवास दोन-तीन तासांच्या आत संपवा.

टप्पा ५: पाण्याची ओळख करून देणं

लागणारं सामान: सहा-सात लिटरची स्वच्छ बादली, एअरलाइन नळी (थेंब आवरायला तिला गाठ मारा किंवा छोटा कॉक लावा), रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण), हातमोजे.

१. बंद पिशवी २० मिनिटं टाकीत तरंगत ठेवा आणि दिवे मंद करा.

२. पिशवी बादलीत आडवी ठेवून उघडा आणि पाण्यासकट स्पंज बादलीत सोडा. तो पूर्ण बुडालेला राहिला पाहिजे. पाणी कमी पडत असेल तर बादली तिरपी टेकवा.

३. टाकीतून नळीने सेकंदाला दोन-तीन थेंब सोडा. पाणी चौपट होईपर्यंत थांबा. पिशवीत एक लिटर असेल तर चार लिटर.

४. मगाने काळजीपूर्वक तीन लिटर काढून टाका, स्पंज उघडा पडू देऊ नका. पुन्हा चार लिटरपर्यंत थेंब सोडा, या वेळी थोडे जलद. आता दुकानाचं पाणी सहा टक्क्यांच्या आसपास उरतं.

५. बादलीतली आणि टाकीतली क्षारता मोजा. फरक १ पीपीटीच्या आत असेल तरच पुढे जा.

६. एक छोटा प्लास्टिकचा डबा बादलीत बुडवा, स्पंज पाण्याखालीच डब्यात सरकवा, डबा काठोकाठ भरलेला उचला, टाकीत पूर्ण बुडवा आणि तिथे स्पंज बाहेर घ्या. डब्यातलं थोडं पाणी टाकीत जाईल, ते चालतं.

सावधान: स्पंजाला उघड्या हाताने धरू नका. काट्यांनी कातडीत खाज आणि पुरळ येतं. कॅरिबियन समुद्रातला टेडानिया, म्हणजे अग्नी स्पंज, तर भाजल्यासारखी आग करतो. काम संपेपर्यंत डोळ्याला हात लावायचा नाही.

टप्पा ६: जागा आणि बसवणं

निळा हॅलिक्लोना आणि कोलोस्पॉन्जिया यांना मध्यम प्रकाश द्या, सुरुवात खालच्या तिसऱ्या भागात करून दोन-तीन आठवड्यांत वर न्या. बाकी सगळ्यांना सावली हवी: दगडाच्या ओट्याखाली किंवा गुहेच्या तोंडाशी. भर उजेडात ठेवलेल्या लाल स्पंजावर शेवाळ चढतं आणि तो ते झटकू शकत नाही.

प्रवाह मध्यम ते जोरदार, पण थेट झोत नको. वेव्हमेकर (टाकीत प्रवाह तयार करणारा पंप) समोरच्या काचेकडे वळवा आणि परतणारं पाणी स्पंजावरून जाऊ द्या. योग्य प्रवाहाची खूण सोपी आहे: दुसऱ्या दिवशी स्पंजाच्या खाचांत धूळ बसलेली दिसू नये आणि फुटव्यांची टोकं थडथडू नयेत.

दगडासकट असेल तर दगड फटीत अडकवा किंवा खाली ईपॉक्सी पुट्टी लावा. गोंद किंवा पुट्टी स्पंजाच्या अंगाला लागू देऊ नका, त्या जागी तो मरतो. दगडाशिवायचा तुकडा असेल तर खडबडीत दगडावर टेकवून वरून मऊ नायलॉन जाळी सैल बांधा. तो एक ते चार आठवड्यांत धरतो. मग पाण्याखालीच जाळी कापा. धागा आवळून बांधला तर स्पंज कापला जातो, ही चूक फार होते. शेजारच्या प्रवाळापासून किमान आठ-दहा सेंटीमीटर अंतर ठेवा.

टप्पा ७: पहिले तीन महिने

पहिल्या आठवड्यात ऑस्क्युलम मिटलेले दिसले तर घाबरू नका. हलवाहलवीनंतर स्पंज काही दिवस पाणी ओढणं थांबवतो. जागा बदलत बसू नका.

दहा-बारा दिवसांनी एक चाचणी करा. सगळे पंप पाच मिनिटं बंद करा, पिपेटमध्ये फायटोप्लँक्टनचे दोन-तीन थेंब घ्या आणि स्पंजाच्या अंगापासून एक सेंटीमीटरवर अलगद सोडा. बाजूने टॉर्च मारा. हिरवा धूर अंगाकडे ओढला जातो आणि ऑस्क्युलमच्या वर तरंगणारे कण वर ढकलले जातात. हे दिसलं तर स्पंज काम करतोय. लहान स्पंजात ही हालचाल फार मंद असते, नीट रोखून पाहावं लागतं. चाचणीपलीकडे पिपेटने खाद्य थेट अंगावर मारू नका. घट्ट खाद्याने छिद्रं तुंबतात.

दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच दिव्यात, काचेला पट्टी चिकटवून फोटो काढा. तीन महिन्यांनी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवा. नवी टोकं आली, थर पट्टीवर पुढे सरकला किंवा दगडावर नवी पकड दिसली तर खाद्य पुरतं आहे. रंग तोच पण फुटवे बारीक झाले असतील तर तो उपाशी आहे. डोस दीडपट करा आणि नायट्रेट-फॉस्फेट आठवड्यातून दोनदा मोजा.

पाणी बदलताना पातळी स्पंजाच्या खाली जाऊ देऊ नका, आणि वीज जाण्याची सोय आधीच करा. बॅटरीवरचा एअर पंप किंवा इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर पुरेसा आहे.

बिघाड दिसला तर

टोकावर पांढरी साय दिसली की त्याच दिवशी हालचाल करा. टाकीच्या पाण्याचा डबा भरा, स्पंज पाण्याखालीच त्यात घ्या आणि धारदार ब्लेडने खराब भाग कापा. सोबत एक सेंटीमीटर निरोगी भागही काढा, कारण सड डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. स्पंजाच्या पेशी जखम भरून काढतात, कापण्याने तो मरत नाही. कापलेला भाग टाकीत पडू देऊ नका.

एक तृतीयांशाहून जास्त भाग गेला असेल, काळा पडला असेल किंवा पाण्याला कुजका वास येत असेल तर वाचवत बसू नका. पाण्याखाली झिप पिशवी उघडून स्पंज आत सरकवा, तोंड बंद करा आणि पिशवीसकट बाहेर काढा. उघडा ओढलात तर चुरा आणि त्यातली विषारी द्रव्यं टाकीत पसरतात. नंतर २५ टक्के पाणी बदला, दर १०० लिटरला सुमारे ५० ग्रॅम सक्रिय कार्बन पिशवीतून प्रवाहात टांगा, स्किमर पूर्णवेळ चालू ठेवा आणि पुढचे तीन दिवस अमोनिया सकाळ-संध्याकाळ मोजा.

क्लिओना निघाला तर तो दगड वेगळ्या टाकीत हलवा, शक्य असेल तर पोखरलेला भाग छिन्नीने तोडून टाका आणि उरलेल्या भोकांवर ईपॉक्सी दाबून बसवा. प्रवाळाच्या कडेवर पसरलेला कॉन्ड्रिला खरवडायचा असेल तर दगड टाकीबाहेर काढून खरवडा, टाकीत तुकडे सुटले तर ते दुसरीकडे धरतात.

स्पंज मेल्यावर लगेच दुसरा आणू नका. कार्बन दोन आठवड्यांनी बदला, सॉक आणि यूव्ही लावले असतील तर पुन्हा बंद करा आणि टप्पा ३ मधली तपासणी सलग चार आठवडे उत्तीर्ण होऊ द्या. तोवर अंधाऱ्या कप्प्यातल्या दगडांवर ठिपके वाढत असतील तर त्यांतलाच एक तुकडा पाण्याखालून उचलून मुख्य टाकीच्या सावलीत बसवा. दुकानातल्या स्पंजापेक्षा तो टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.